घरात आहे, पण यादीत नाही

रुबी या प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती दर वर्षी २५ डिसेंबरला येते. २०१३ पासून हा नेम चुकलेला नाही. भाषेचे जनक युकिहिरो मात्सुमोतो, ज्यांना सगळं जग ‘मात्झ’ म्हणतं, हे जपानी गृहस्थ इतके मवाळ, की मात्झ चांगले वागतात म्हणून आपणही चांगलं वागावं, असं रुबीवाल्यांचं ब्रीदच आहे. तेव्हा नाताळची भेट द्यावी याच प्रेमळ भावनेने ते हे करत असणार. पण ही भेट उघडली जाते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुट्टीवरून परतलेल्या माणसाच्या हातून, आणि त्याच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य बहुधा ‘अरे, परवापर्यंत चालत होतं की!’ हे असतं.

२०२४ च्या नाताळात रुबी ३.४ आली तेव्हा हे वाक्य जरा जास्तच ऐकू आलं. सीएसव्ही, बेस-६४, बिगडेसिमल, सिसलॉग, डीआरबी अशा डझनभर लायब्रऱ्यांचा दर्जा त्या दिवशी बदलला. कोणी काही पळवलं नव्हतं. रुबी उतरवून घेतली की त्या अजूनही सोबत येत होत्या, डिस्कवर आपापल्या फोल्डरांत सुखरूप होत्या. फक्त आदल्या दिवसापर्यंत त्या ‘डीफॉल्ट जेम’ (रुबीत पॅकेजला जेम म्हणतात) होत्या आणि आता ‘बंडल्ड जेम’ झाल्या होत्या. हा फरक ज्याला एका दमात समजावून सांगता येतो, तो एकतर रुबीच्या मूळ चमूतला असतो, नाहीतर त्याने आदली रात्र जागून काढलेली असते.

रुबीच्या बहुतेक प्रकल्पांत जेमफाइल नावाची एक यादी असते. प्रकल्पाला कोणकोणती पॅकेजेस लागतात ते तीत लिहायचं. बंडलर नावाचा प्रोग्राम ती वाचतो आणि यादीबाहेरचं काही प्रकल्पाच्या नजरेस पडू देत नाही. डीफॉल्ट जेमला यातून सूट. यादीत नाव असो वा नसो, हाक मारली की हजर. बंडल्ड जेमला सूट नाही. आजोबा घरात आहेत, खुर्चीत बसून पेपर वाचताहेत, अख्खी गल्ली त्यांना ओळखते. पण रेशनकार्डावर नाव नाही, म्हणून त्यांच्या वाटची साखर नाही. आजोबांना हाताला धरून दुकानात नेऊन उभं केलं, तरी दुकानदार बघणार कार्डाकडेच. बंडलरही तसाच. फाइल डिस्कवर आहे, तिचा पूर्ण पत्ता सांगता येतो, उघडून वाचतासुद्धा येते, आणि तरीही पडद्यावर एरर येते ती ‘अशी फाइल लोड करता येत नाही’ हीच.

मुळात ही मंडळी भाषेच्या पदरात आली कशी? पर्ल, पायथन, रुबी या भाषा वाढल्या त्या काळात इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेतून ठिबकणारी गोष्ट होती. एकदा भाषा उतरवून घेतली की पुन्हा कशासाठी धावाधाव करायला लागू नये, म्हणून ज्याला जे सुचलं ते त्यात भरलं गेलं. तारखा, मेल, एक्सएमएल, बेरीज-वजाबाकी अचूक करणारे दशांश, सगळं एकाच गाठोड्यात. पायथनने तर ‘बॅटरीसकट’ हे आपलं ब्रीदच केलं: खेळणं घरी आणलं आणि सेल नाहीत म्हणून पोर रडलं, असं व्हायला नको. रुबीतही एनकेएफ नावाची एक लायब्ररी अशीच मुक्कामाला होती. तिचं काम जपानी मजकूर एका संकेतलिपीतून दुसऱ्यात नेण्याचं. जपानमध्ये ती जिवाभावाची गोष्ट. पण पुण्यात किंवा नागपुरात बसून ज्यांनी कधी रुबी वापरली त्यांच्याही मशीनवर ती वर्षानुवर्षं मुकाट बसून होती, आणि तिने कधी कोणाकडे तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

घोटाळा होतो तो वेगाचा. भाषा वर्षातून एकदा बदलते आणि जग तेवढं थांबत नाही.

रुबीतल्या आरईएक्सएमएल या लायब्ररीचं उदाहरण घ्या. एक्सएमएलच्या फाइली वाचणं हे तिचं काम. २०२४ च्या मे ते ऑक्टोबर या काळात तिच्यात सुरक्षेच्या त्रुटी एकामागून एक सापडत गेल्या. खास घडवलेली एखादी वाकडी फाइल तिला दिली, तर ती वाचता वाचता सर्व्हरचा घाम निघे. पूर्वीच्या व्यवस्थेत प्रत्येक त्रुटीसाठी अख्ख्या भाषेची दुरुस्त आवृत्ती काढावी लागली असती, आणि मग जगभरच्या सर्व्हरांवर भाषा बदलावी लागली असती. पण आरईएक्सएमएल २०२० मध्येच रुबी ३.० बरोबर वेगळी काढलेली. त्यामुळे दर वेळी त्या एका छोट्या पॅकेजची नवी आवृत्ती निघाली, एक कमांड चालवली, काम झालं. ज्यांच्याकडे रुबी दोन-तीन वर्षं जुनी होती, त्यांनाही औषध मिळालं.

चांगली बातमीही याच वाटेने येते. रुबीतली अंगभूत जेसॉन लायब्ररी मंद म्हणून बदनाम होती. घाईतली माणसं बाहेरून दुसरी आणत. २०२४ च्या अखेरीस जाँ बुसिये या प्रोग्रामरने ती सांभाळायला घेतली आणि आवृत्तीमागून आवृत्ती काढत तिला पळायला लावलं. जुन्या रुबीवर बसलेल्या लोकांनीही नुसतं पॅकेज अपडेट केलं आणि त्यांचा प्रोग्राम फुकटात वेगवान झाला. पगारवाढीच्या मोसमात ही गोष्ट स्वतःच्या कर्तृत्वाच्या खात्यावर कोणी टाकली असेल, तर त्याला दोष देता येत नाही.

भाषेबरोबर बांधून ठेवता येणार नाही अशी सगळ्यात नमुनेदार वस्तू म्हणजे जगाच्या घड्याळांची माहिती. कुठल्या देशात किती वाजलेत हे कॉम्प्युटर आयएएनए संस्थेच्या एका डेटाबेसमधून वाचतो, आणि त्या डेटाबेसला देशोदेशींच्या मंत्र्यांच्या लहरीनुसार बदलावं लागतं. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ रमजान संपेपर्यंत पुढे ढकलली, तीही घड्याळं बदलायच्या दोन-तीन दिवस आधी. अर्ध्या देशाने ते मानलं नाही. बैरुतमध्ये काही काळ एकाच रस्त्यावर दोन वेळा नांदत होत्या. २३ मार्चला डेटाबेसची ‘२०२३बी’ आवृत्ती निघाली; सरकारने निर्णय फिरवला, आणि २८ मार्चला ती दुरुस्ती मागे घेणारी ‘२०२३सी’. पाच दिवसांत दोन. हा मजकूर भाषेच्या पोटात शिवून टाकला असता, तर लेबनॉनमधली मीटिंग नक्की किती वाजता आहे हे कळायला पुढच्या नाताळापर्यंत थांबावं लागलं असतं. म्हणूनच पायथनने २०२० मध्ये टाइमझोनची सोय भाषेत घेतली, पण त्यामागची माहिती ‘टीझेडडेटा’ या वेगळ्या पॅकेजात ठेवली. शहाणपणाचं काम.

मुंबईकरांनी लेबनॉनला फार हसू नये. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबईने आपली स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ १९५० च्या दशकापर्यंत सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. आज हा डेटाबेस अख्ख्या भारतासाठी एकच नोंद ठेवतो, ‘एशिया/कोलकाता’. आणि शहराचं नाव बदलून दोन दशकं उलटली तरी जुनं ‘एशिया/कॅलकटा’ही चालूच आहे, कारण जगात कुठेतरी कोणीतरी ते टाइप करून ठेवलेलं आहे.

इथपर्यंत सगळं रास्त. लायब्रऱ्या वेगळ्या काढाव्यात, प्रत्येकीने आपापल्या गतीने म्हातारं किंवा तरुण व्हावं, हे तत्त्व कोणालाही पटेल. गंमत सुरू होते ती तत्त्व तुमच्या सर्व्हरवर पोचतं तेव्हा.

१५ डिसेंबर २०२१ रोजी रेल्स ७.० आलं. रेल्स म्हणजे रुबीतली सगळ्यात लोकप्रिय चौकट. रुबी शिकणारी बरीच माणसं रेल्ससाठीच शिकतात. दहा दिवसांनी, अर्थातच २५ तारखेला, रुबी ३.१ आली. नवं रेल्स, नवी रुबी, नवं वर्ष. उत्साही लोकांनी तिन्ही एकत्र सुरू केली, आणि प्रोग्रामने सांगितलं की ‘नेट/एसएमटीपी’ सापडत नाही. झालं असं होतं, की ३.१ ने मेल पाठवणाऱ्या आणि आणणाऱ्या लायब्रऱ्या यादीतून सूट मिळणाऱ्यांमधून काढल्या होत्या. रेल्स ज्या ‘मेल’ नावाच्या जेमवर विसंबून होतं, तिने या लायब्रऱ्यांची आपल्याला गरज आहे असं कुठे नोंदवलेलंच नव्हतं. का नोंदवावं? त्या तर कायमच होत्या! उपाय सोपा निघाला: जेमफाइलमध्ये एसएमटीपी, आयमॅप आणि पॉप या तिघांसाठी तीन ओळी घाला. ‘पासवर्ड विसरलात का?’ एवढा एकच मेल पाठवणाऱ्या ॲपच्या यादीतही त्या जानेवारीत १९८४ सालच्या पॉप प्रोटोकॉलचं नाव सन्मानाने चढलं.

तीन ओळी घातल्या म्हणून सुटका नव्हती. एसएमटीपीच्या पॅकेजला ‘नेट-प्रोटोकॉल’ नावाचं आणखी एक पॅकेज लागतं. जुन्या रुबीत त्याची एक प्रत अंगभूत होतीच, आणि वेबपानं आणणारी लायब्ररी तीच वापरत होती. आता एकाच प्रोग्राममध्ये एकाच नेट-प्रोटोकॉलच्या दोन प्रती लोड होऊ लागल्या, आणि दर वेळी सुरू होताना पडद्यावर इशारा: हा कॉन्स्टंट आधीच ठरलेला आहे. प्रोग्राम चालायचा, पण चालण्याआधी दोन-चार ओळी कुरकुर करायचा. यावर लोकांनी शोधलेला तोडगा असा, की वेबपानं आणणारी लायब्ररीही जेमफाइलमध्ये लिहून टाका, म्हणजे ती बाहेरची प्रत वापरेल. एका मेलसाठी सुरू झालेली यादी अशी वाढत गेली.

या सगळ्यांत विनोदाच्या दृष्टीने सर्वात वरच्या दर्जाची एरर मात्र वेगळी आहे. तिचा आशय असा: ‘तुम्ही बेस-६४ ची अमुक आवृत्ती आधीच सुरू केली आहे, पण तुमच्या जेमफाइलला तमुक हवी आहे.’ माणूस बुचकळ्यात पडतो. मी? मी कधी सुरू केली? मी तर आत्ता खुर्चीत बसतोय. त्याने काही केलेलं नसतं. वेब सर्व्हर किंवा आणखी कुठलं तरी हत्यार जेमफाइल वाचली जाण्याआधीच जागं होतं, त्याला बेस-६४ लागते, ते रुबीबरोबर आलेली प्रत उचलतं. मग बंडलर येतो, यादी उघडतो आणि म्हणतो की नवी हवी होती. एका प्रोग्राममध्ये एका जेमची एकच आवृत्ती सुरू राहू शकते. तेव्हा दोष तुमचा. लायब्रऱ्यांना स्वतंत्र आवृत्त्या दिल्याचा हा थेट परिणाम आहे, कारण पूर्वी दुसरी आवृत्तीच नसायची आणि भांडायला दोघे लागतात.

स्वातंत्र्य मिळालं की मोडतोडीचंही मिळतं. रुबीतली, सेटिंगच्या यामल फाइली वाचणारी सायक ही लायब्ररी चौथ्या आवृत्तीला पोचली तेव्हा तिने ‘लोड’ या साध्या क्रियेचा अर्थच बदलून ती सुरक्षित केली. हेतू निर्मळ. पण असंख्य रेल्स प्रकल्पांच्या डेटाबेसच्या सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट’ नावाचा एक उपनामाचा प्रयोग पिढ्यानुपिढ्या चालत आला होता, आणि सुरक्षित लोडला उपनामं मान्य नव्हती. सकाळी प्रकल्प सुरू केला तर ‘डीफॉल्ट नावाचं उपनाम ओळखीचं नाही’. ज्या फाइलला कोणी वर्षानुवर्षं हात लावला नव्हता तीच फाइल परकी झाली.

आणि मग जानेवारी २०२५ चा लॉगर. ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण तिच्यात खलनायक नाही. कंकरंट-रुबी नावाची एक जेम आहे. समांतर कामं सांभाळणं हा तिचा धंदा, आणि रेल्स तिच्यावर उभं आहे. प्रोग्रामच्या नोंदी लिहिणारी लॉगर ही लायब्ररीही लवकरच यादीतून मिळणाऱ्या सवलतीतून बाहेर पडणार, असं रुबीने जाहीर केलं होतं. तेव्हा कंकरंट-रुबीच्या सांभाळकर्त्यांनी शहाण्या नागरिकाप्रमाणे वेळेआधीच लॉगरवरचं आपलं अवलंबन काढून टाकलं आणि १.३.५ ही आवृत्ती काढली. फक्त शेवटचा आकडा बदलला. जगाच्या रीतीने याचा अर्थ ‘किरकोळ दुरुस्ती, निर्धास्त घ्या’. लोकांनी घेतली. रेल्स ७.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवरची कित्येक ॲप्स सुरू होईनाशी झाली. कारण रेल्सला स्वतःला लॉगर लागत होता, पण तो मागवण्याची ओळ तिथे लिहायची राहून गेली होती. कंकरंट-रुबी आधी लोड व्हायची, ती येताना लॉगर घेऊन यायची, आणि रेल्स तो आपलाच समजून वापरत असे. वर्षानुवर्षं. शेजाऱ्यांनी लॉगर आणणं थांबवलं तेव्हा कळलं की आपण तो कधी आणलाच नव्हता. दुरुस्ती: एक ओळ. ती शोधण्यात गेलेली दुपार मोजण्याची पद्धत अजून निघालेली नाही.

आता बेस-६४. ३.४ मध्ये बाहेर पडलेल्यांपैकी सीएसव्ही वेगळी होणं समजतं. तिचं पोट मोठं आहे, तिला स्वतःची वाढ आहे. बिगडेसिमल सी भाषेत लिहिलेली. ती नव्याने उतरवून घ्यायची तर मशीनवर कंपायलर लागतो, तरीही तिचं स्वतंत्र बिऱ्हाड योग्यच. पण बेस-६४ मध्ये आहे काय? सहा मेथड. त्यातली मुख्य मेथड म्हणजे रुबीच्याच अंगभूत ‘पॅक’ला ‘एम’ हे एक अक्षर देऊन केलेली एक ओळ. बाकीच्याही अशाच, दोन-चार ओळींच्या. फाइलमध्ये कोडपेक्षा टिपणं जास्त. हिला आता स्वतःची आवृत्ती आहे, स्वतःचं प्रकाशन आहे. रेल्स ७.१ पासून तिचं नाव रेल्सच्या अधिकृत डिपेंडन्सींत आहे, बिगडेसिमल आणि डीआरबी यांच्या शेजारी. यातल्या डीआरबीचं रेल्समधलं काम टेस्ट समांतर चालवणं. पण यादी एकच असल्यामुळे ती प्रॉडक्शनच्या सर्व्हरवरही जाते आणि तिथे निवृत्त अधिकाऱ्यासारखी बसून राहते. काही जेमच्या सांभाळकर्त्यांनी बेस-६४ यादीत घालण्याऐवजी तिच्यातली ती एक ओळच उचलून आपल्या कोडमध्ये लिहिली आणि प्रकरण मिटवलं. एक ओळ वाचवण्यासाठी लायब्ररी आणि लायब्ररी टाळण्यासाठी एक ओळ, असा हिशेब ज्या वस्तूचा आहे, ती भाषेतच राहू दिली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? रुबीच्या चमूचा बाकी सगळा निर्णय बरोबर आहे. हा एक नाही.

पायथनकडे या बाबतीत कडकपणा जास्त आणि माया कमी. तिथे जुनी म्हण अशी, की लायब्ररी मरायला स्टँडर्ड लायब्ररीत जाते. एकदा आत गेली की तिला भाषेच्या वेळापत्रकाबाहेर बदलता येत नाही. याचा परिणाम असा, की कमांडलाइनवरचे पर्याय वाचायला गेटऑप्ट, ऑप्टपार्स आणि आर्गपार्स अशा तीन पिढ्या एका छताखाली राहिल्या. वेबपानं आणणाऱ्या युआरएललिब या विभागाचं तर अधिकृत दस्तऐवजीकरणच वाचकाला सांगतं की सोपं काही हवं असेल तर बाहेरचं रिक्वेस्ट्स पॅकेज वापरा. स्वतःच्या मेन्यूकार्डावर समोरच्या हॉटेलची शिफारस छापणारी ही बहुधा एकमेव खानावळ असेल.

२०१९ मध्ये क्लीव्हलँडला झालेल्या पायथनच्या भाषा-परिषदेत अँबर ब्राऊन यांनी बॅटऱ्या आहेत खऱ्या, पण गळताहेत, अशा अर्थाचं व्याख्यान दिलं. त्याच वर्षी ख्रिश्चन हाइम्स यांनी ‘मेलेल्या बॅटऱ्या’ काढून टाकण्याचा प्रस्ताव आणला. तो पुढे ब्रेट कॅनन यांच्या साथीने मंजूर झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ ने १९ मॉड्यूल एका फटक्यात काढले. त्यांत वेबच्या बाल्यावस्थेतलं सीजीआय होतं, टेलनेट होतं, न्यूजग्रुप वाचायचं एनएनटीपी होतं, आणि सन या कंपनीच्या आवाजाच्या फाइली वाचणारं सनएयू होतं. ती कंपनी २०१० मध्येच ओरॅकलने विकत घेतली होती, फाइली मात्र पायथनच्या आश्रयाने आणखी १४ वर्षं जगल्या. रुबीसारखं ‘घरात आहे, यादीत घाला’ असं काही नाही. थेट बाहेर.

बाहेर गेलेले मग वेगळ्या नावाने परतले. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ठिकाणासाठी बॉट लिहिणाऱ्यांचं डिस्कॉर्डपाय हे पॅकेज आवाजासाठी ऑडिओऑप मॉड्यूल वापरत होतं. ३.१३ वर ते सापडेना, आणि ज्या बॉटने आयुष्यात तोंडातून आवाज काढला नव्हता तोही सुरू होईना. त्यासाठी ‘ऑडिओऑप-एलटीएस’ नावाचं पॅकेज आलं: तेच कोड, तीच कामं, नवा पत्ता. सीजीआयलाही ‘लेगसी’ ही पदवी लावून कोणीतरी पुन्हा उभं केलं. डिस्टयुटिल्स तर त्याआधीच, ३.१२ मध्ये, काढून टाकलं होतं. त्याची एक प्रत सेटअपटूल्स या पॅकेजच्या पोटात आजही सुखाने राहते. या एकोणीस जणांत ‘अँटिग्रॅव्हिटी’ नव्हतं, हे मुद्दाम नोंदवायला हवं. हे मॉड्यूल मागवलं की ब्राउझर उघडतो आणि पायथनवरचं एक व्यंगचित्र दाखवतो. ते अजून भाषेतच आहे, आणि ते काढायची कोणाची छाती होईल असं वाटत नाही. मेलेल्या बॅटऱ्यांच्या यादीत विनोद नसतो, हे एकूण सुलक्षणच.

पर्लवाले या बाबतीत सगळ्यांचे थोरले. लायब्ररी भाषेबरोबरही यावी आणि सीपॅन या पर्लच्या पॅकेज-भांडारावरून स्वतंत्रपणेही यावी, ही दुहेरी राहणी त्यांच्याकडे जुनी आहे. वेबचा एक काळ ज्याने गाजवला ते सीजीआय मॉड्यूल त्यांनी २०१५ मध्ये, ५.२२ मध्ये, भाषेतून काढलं. त्यांच्याकडे एक मॉड्यूल असंही आहे, की ज्याचं एकमेव काम म्हणजे कुठलं मॉड्यूल कुठल्या आवृत्तीपासून भाषेबरोबर येतं आणि कधी गेलं हे सांगणं. तेही भाषेबरोबरच येतं. जावाने २०१८ मध्ये अकराव्या आवृत्तीतून एक्सएमएल बांधणारी जॅक्सबी आणि कोर्बा यांना रजा दिली. त्यानंतर कित्येक कंपन्यांनी आपण आठव्या आवृत्तीवरच का समाधानी आहोत, याची कारणं शोधून काढली.

‘मग सगळंच बाहेर ठेवा’ म्हणणाऱ्यांसाठी जावास्क्रिप्टचा धडा आहे. तिची अंगभूत शिदोरी इतकी तुटपुंजी, की अक्षरांच्या डावीकडे रिकाम्या जागा भरण्यासाठीसुद्धा लोक पॅकेज मागवत. लेफ्ट-पॅड असं त्याचं नाव, अकरा ओळींचं. २२ मार्च २०१६ रोजी त्याच्या लेखकाने एका नावावरून झालेल्या वादात आपली सगळी पॅकेजेस एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारावरून काढून घेतली, त्यात हेही गेलं, आणि जगभरचे मोठमोठे प्रकल्प बांधले जाईनात. एनपीएमने ते पॅकेज परत जागेवर ठेवलं. पुढच्याच वर्षी जावास्क्रिप्टच्या प्रमाणित आवृत्तीत ‘पॅडस्टार्ट’ नावाची मेथड भाषेत आली. म्हणजे इकडे एक भाषा बाहेर काढत होती, तिकडे दुसरी आत घेत होती.

रुबीही आत घेतेच. ‘सेट’ ही लायब्ररी २०२२ च्या ३.२ पासून न मागवता मिळू लागली. बेस-६४ ने दारातून बाहेर पडताना सेटला आत येताना पाहिलं असेल, तर तिच्या मनात काय आलं असेल कोण जाणे.

प्रत्येक कार्यालयात या विषयावर दोन पक्ष असतात. एक म्हणतो, भाषेत एवढा कचरा कशाला? दुसरा म्हणतो, एवढ्याशा कामासाठी वेगळं पॅकेज कशाला? बारकाईने पाहिलं तर ही बहुतेक वेळा एकच व्यक्ती असते. पहिलं वाक्य ती परिषदेत बोलते आणि दुसरं शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता. रुबीच्या चमूला या व्यक्तीची पुरेपूर ओळख असावी. कारण त्यांनी निवडलेला रस्ता या सगळ्या भाषांत सर्वात सोसवणारा आहे: एका नाताळात नुसता इशारा, पुढच्या नाताळात बदल, आणि तोही असा की वस्तू डिस्कवर राहतेच. ३.३ ने वर्षभर बजावलं होतं की सीएसव्ही ३.४ मध्ये जाईल, यादीत घाला. लोकांनी काय केलं? लॉगमध्ये पिवळं काहीतरी दिसतंय, एवढी नोंद घेतली.

३.४ आली तेव्हा तिनेही पुढच्या तुकडीबद्दल बजावलं: ओपनस्ट्रक्टची ओस्ट्रक्ट, लॉगर, बेंचमार्क, पीस्टोअर, आयआरबी वगैरे मंडळी ३.५ मध्ये जातील. ३.५ आलीच नाही. २५ डिसेंबर २०२५ ला जी आली तिचं नाव ४.० ठेवलं गेलं. ज्यांनी ‘३.५ आली की बघू’ असं ठरवलं होतं, त्यांना कागदोपत्री तरी कायमची मुदतवाढ मिळाली. पण लॉगर वगैरे मंडळी ठरल्याप्रमाणे गेलीच.

तेव्हा ज्यांचा प्रकल्प अजून जुन्या रुबीवर आहे त्यांनी लॉगमधल्या त्या पिवळ्या ओळी एकदा शेवटपर्यंत वाचाव्यात. कुठली लायब्ररी, कुठल्या आवृत्तीपासून आणि काय करायचं, हे तिन्ही त्यांत लिहिलेलं असतं. जेमफाइल उघडावी, सीएसव्ही, बिगडेसिमल, लॉगर, ओस्ट्रक्ट यांपैकी जे वापरात असेल त्याचं नाव घालावं, आणि बेस-६४ चंही घालावं, कितीही राग आला तरी.